वारसाहक्काचा हिशेब कोणत्या विषयात शिकवायचा?

गेल्या वर्षी मी सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहीत होतो. आमच्या गल्लीत दोन भावांमध्ये घराच्या वाटणीवरून बोलणं बंद झालं होतं. जो तो आपापल्या मोबाईलवर काहीतरी शोधून आणत होता आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येत होतं. म्हटलं, आपण सॉफ्टवेअरवाले, आपणच एक नीट हिशेब करून देऊ. मयत व्यक्तीच्या मागे पती किंवा पत्नी आहे का, मुलगे किती, मुली किती, आईवडील, भाऊबहिणी आहेत का एवढं भरायचं आणि शरियतप्रमाणे प्रत्येकाचा हिस्सा समोर यायचा. सूरह निसामध्ये हिस्से स्पष्ट दिले आहेत: निम्मा, पाव, एक अष्टमांश, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, एक षष्ठांश. अपूर्णांकांचं गणित. दोन रविवारांचं काम.

दुसऱ्या रविवारी चाचणी घेताना एक उदाहरण टाकलं. बाई वारली, मूलबाळ नाही, आईवडील नाहीत, मागे पती आणि दोन सख्ख्या बहिणी. पतीला निम्मा, दोघी बहिणींना मिळून दोन तृतीयांश. बेरीज आली ११६.६७ टक्के.

दोन तास मी कोड तपासत बसलो. कुठे चुकलं ते सापडेना. शेवटी वैतागून आमच्या मोहल्ल्यातल्या मदरशात फराइज, म्हणजे वारसाशास्त्र, शिकवणाऱ्या मौलानांना फोन केला. अडचण पूर्ण सांगूही दिली नाही त्यांनी. म्हणाले, "औल का मसला है. आ जाओ." गेलो. त्यांनी टेबलावरची एक लग्नपत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मांडणी केली. छेद सहा घ्या. पतीचे तीन, बहिणींचे चार, झाले सात. मग छेदच सात करा. पतीला तीन सप्तमांश, बहिणींना चार सप्तमांश. सगळ्यांचा हिस्सा सारख्या प्रमाणात कमी झाला, भांडण मिटलं. परंपरा सांगते, की हा पेच खलीफा उमर यांच्यासमोर आला आणि तेव्हा ही रीत ठरली. इब्ने अब्बास यांना ती मान्य नव्हती. शिया फिकहने ती आजही स्वीकारलेली नाही. तिथे पतीला त्याचा पूर्ण निम्मा मिळतो आणि तूट एकट्या बहिणींच्या पदरात पडते.

म्हणजे माझ्या कोडमध्ये चूक नव्हती. चौदाशे वर्षांपूर्वीचा एक वाद त्या ११६.६७ मध्ये दडलेला होता. आणि त्याचं उत्तर निव्वळ गणित देऊ शकत नव्हतं, कारण तूट कोणी सोसायची हा प्रश्न गणिताचा नाही. मौलाना माझ्यापेक्षा झरझर अपूर्णांक सोडवत होते हेही नमूद करतो. मी इंजिनिअरिंगला एम-वन, एम-टू, एम-थ्री असे गणिताचे तीन पेपर दिले आहेत. एकात केटीही लागली होती.

औल घालून प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि घरी दाखवला. उदाहरण म्हणून आमचंच कुटुंब घेतलं. आजोबा १९९६ साली वारले. मागे आजी, दोन मुलगे म्हणजे अब्बा आणि चाचा, आणि दोन मुली म्हणजे माझ्या फुफी. जमीन ४ एकर ३२ गुंठे, म्हणजे १९२ गुंठे. आजीला अष्टमांश, २४ गुंठे. उरलेले १६८ मुलग्यांना दोन आणि मुलींना एक या प्रमाणात: अब्बा ५६, चाचा ५६, मोठी फुफी २८, धाकटी फुफी २८. पडद्यावर रंगीत तक्ता आला. मोठ्या फुफीने चष्मा लावून तो बघितला आणि म्हणाली, "हिसाब तो बराबर हाय रे बाबा. लेकिन जमीन किधर हाय?"

जमीन नव्हती. वारसनोंदीत दोघींची नावं लागली होती, वर्षभरात हक्कसोड पत्रावर सह्या झाल्या आणि पुढच्या फेरफाराने ती नावं सातबाऱ्यावरून गेली. कोणी जबरदस्ती केली नाही, असं घरात सगळे सांगतात. ते खोटंही नाही. ईदला बोलावणं यावं, मुलांच्या लग्नात मामाने उभं राहावं, माहेरचं दार उघडं असावं यासाठी बहीण सही करते. मला आजवर त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. माझी इंजिनिअरिंगची पहिली फी उसाच्या बिलातून भरली गेली होती आणि तो ऊस त्याच १९२ गुंठ्यांतला होता.

हे सगळं मी इथे लिहितोय ते कुटुंबाची गोष्ट सांगायला नाही. उच्च शिक्षणात सध्या 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द फार ऐकू येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आलं, २०२३ पासून महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक विषय, कौशल्याधारित विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, समाजाशी जोडणारा उपक्रम अशा टोपल्या आल्या. प्रत्येक टोपलीतून ठरावीक श्रेयांक उचलायचे. ते श्रेयांक जमा ठेवायला बँकही आहे. कागदावर हे मला आवडतं. विज्ञानाच्या मुलीला इतिहास घेता यावा, कॉमर्सच्या मुलाला भाषाशास्त्र घेता यावं, याला कोण नाही म्हणेल?

पण टोपलीतून दोन फळं उचलली म्हणजे त्यांचं कोशिंबीर होत नाही. माझी मावसबहीण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. खुला विषय कोणता घेतलास, विचारलं. म्हणाली, जो प्रॅक्टिकलच्या वेळेशी आडवा येत नव्हता तो. तिच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलींनी तोच घेतलाय आणि त्या विषयाच्या सरांना या मुली कोणत्या शाखेच्या आहेत हेही माहीत नाही. सर आपला विषय शिकवतात, मुली नोट्स काढतात. रसायनशास्त्र एका वहीत, इतिहास दुसऱ्या वहीत. दोन्हींची गाठ पडत नाही. आमच्या वेळी हेच 'पर्यावरण' आणि 'संवादकौशल्य' या नावाखाली होतं. ते पेपर आम्ही आदल्या रात्री वाचून पास झालो. टोपल्यांची संख्या वाढली, एवढाच फरक.

माझ्या मते सुरुवातच उलटी होतेय. आधी विषय जोडायचे आणि मग त्यातून काही निघेल अशी आशा करायची, हे चालत नाही. आधी असा एक प्रश्न हवा, की जो कोणत्याही एका विषयाला पेलत नाही. माझ्या ११६.६७ टक्क्यांसारखा. फुफीच्या "जमीन किधर हाय" सारखा. तो प्रश्न हातात आला, की विषय आपोआप बोलवावे लागतात, कारण त्यांच्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही.

हा विचार काही परदेशातून आयात करायला नको. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे राष्ट्रपती झाले ते. तेव्हा ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते, बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले. नई तालीमची मांडणी या समितीने केली. सूतकताईसारखा उत्पादक हस्तोद्योग मध्यभागी ठेवायचा आणि गणित, भूगोल, समाजशास्त्र त्या कामाच्या अनुषंगाने शिकवायचं. कापूस कुठे पिकतो, त्याचा भाव कोण ठरवतं, एका तासात किती तार निघतात, मजुरी किती पडते. या जोडून शिकवण्याला पुढे 'समवाय' हा शब्द रूढ झाला. ती योजना शाळेसाठी होती आणि ती का मागे पडली ही वेगळी कहाणी आहे. पण आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा एक मूळ आराखडा एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली विदर्भात तयार झाला, हे आपल्या समाजातल्या किती शिक्षकांना ठाऊक आहे?

विद्यापीठाच्या पातळीवर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षण व्याख्यानांऐवजी रुग्णाच्या समस्येभोवती बांधलं. डेन्मार्कचं आलबोर्ग विद्यापीठ १९७४ मध्ये सुरू झालं तेच गटाने करायच्या प्रकल्पांवर. आपल्याकडे आयआयटी मुंबईत १९८५ पासून 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथले विद्यार्थी ठाणे-रायगडच्या गावांत जाऊन राहतात. नळपाणी योजना बांधून झाली आणि तरी टँकर का येतो, असा प्रश्न. पंपाची अश्वशक्ती मोजायची, पाइपचा व्यास बघायचा, भूजल बघायचं, पण पाणीपट्टी कोण भरत नाही, ग्रामपंचायतीच्या वीजबिलाचं काय, वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह कोणाच्या हातात आहे, हेही बघायचं. २०१६ मध्ये राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियानातून हीच पद्धत इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत नेण्याचं ठरवलं. कल्पना उत्तम. माझ्या पदवीच्या चार वर्षांत मात्र आम्ही ज्या शहरात शिकत होतो त्याचं पाणी कुठून येतं, हे एकाही तासाला कोणी विचारलं नाही.

आता पुन्हा वारशाकडे येतो. गेल्या काही महिन्यांत मी दोन श्रेयांकांच्या एका अभ्यासक्रमाचा आराखडा तयार केला आहे. दोन श्रेयांक म्हणजे तीस तास. नाव साधं ठेवलं आहे: वारसा.

पहिल्या तासाला मुलांच्या हातात एक वंशावळ आणि एक आकडा द्यायचा, दुसरं काही नाही. आमच्याच घराचं घ्या. विधवा, दोन मुलगे, दोन मुली, १९२ गुंठे, स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही. वाटा. कोणी चारने भागेल, कोणी पाचने, कोणी मुलींना वगळेल. का वगळलं ते त्यालाच सांगू द्यायचं.

मग तेच कुटुंब सुन्नी आहे असं धरा. मुलीला २८ गुंठे. हिंदू आहे असं धरा, १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लावा. पाचही जणांना सारखे, प्रत्येकी ३८.४. ख्रिस्ती असेल तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा. विधवेला एक तृतीयांश म्हणजे ६४, मुलांना प्रत्येकी ३२. कुटुंब गोव्याचं असेल आणि लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल, तर पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे निम्मी मालमत्ता मुळात बायकोचीच, ९६ गुंठे. उरलेल्यात चार मुलं, प्रत्येकी २४. इथे वर्ग थबकतो. समान कायदा म्हणून ज्याचं नाव सारखं घेतलं जातं तिथे मुलीला सुन्नी कायद्यापेक्षाही कमी?

मग आई गेल्यानंतरचा हिशेब करायला सांगायचा. आईचा वाटा पुन्हा मुलांत वाटला जातो. हिंदू कायद्यात मुलीचे होतात ४८ गुंठे. ख्रिस्ती कुटुंबात ४८. गोव्यात ४८. आपल्याकडे २८ अधिक ४, म्हणजे ३२, आणि भावाचे ६४. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो. भाषणांतून 'समान वाटा' हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता. सोळा गुंठ्यांचा फरक डोळ्यांना दिसला तो इथे.

यानंतर मुलांना तलाठ्याच्या कार्यालयात न्यायचं. त्यांच्या स्वतःच्या गावचे जुने फेरफार काढायला लावायचे. वारसनोंद कशी होते, गाव नमुना सहा-क म्हणजे काय, बहिणीचं नाव लागतं कधी आणि जातं कधी. मुसलमानांच्या फेरफारात, मराठ्यांच्या फेरफारात, लिंगायतांच्या, धनगरांच्या फेरफारात हक्कसोड पत्र शोधायचं. आमच्या भागात ते सगळीकडे सापडेल. कायद्याने ४८ गुंठे असलेल्या कितीतरी मुलींकडे प्रत्यक्षात शून्य, आणि ३२ वालीकडेही शून्य. ४८ आणि ३२ यांतलं अंतर कायदा बदलून मिटेल आणि ते मिटलंच पाहिजे, असं मला वाटतं. पण ३२ आणि शून्य यांतलं अंतर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी समाजशास्त्राचा शिक्षक लागतो, जो विचारेल की बहिणीला माहेराची किंमत जमिनीत का मोजावी लागते. अर्थशास्त्राचा शिक्षक लागतो, जो दाखवेल की नावावर जमीन असलेल्या बाईची घरात आणि बँकेत पत कशी बदलते. बीना अग्रवाल यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण आशियातल्या बायकांच्या जमीनहक्काचा असाच कायदा, अर्थकारण आणि नातेसंबंध एकत्र धरून अभ्यास केला आहे. एका विषयाच्या चौकटीत ते पुस्तक लिहिताच आलं नसतं.

इतिहासाचे तास तर मला सर्वांत रसाळ वाटतात. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर जे पुस्तक लिहिलं, ज्याच्या नावातल्या 'अल-जब्र' वरून 'अल्जेब्रा' हा शब्द आला, त्याचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्रांच्या हिशेबांनी भरलेला आहे. त्याच्याच नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, ज्यावर माझं पोट चालतं. मी अल्गोरिदमचा पेपर दिला, बीजगणिताचे पेपर दिले, आणि ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. मदरशात फराइज शिकणाऱ्या मुलालाही कोणी सांगत नाही, की तू जे सोडवतोयस त्याच प्रश्नांवर बीजगणित वाढलं. दोघांच्या हातात एकाच पुस्तकाचा अर्धा अर्धा भाग आहे.

कायद्याचा इतिहासही असाच. १८४७ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सर अर्स्किन पेरी यांनी खोजा आणि मेमन यांच्या खटल्यात निर्णय दिला, की त्यांच्यात मुलीला वारसा न देण्याची रूढी आहे, तीच लागू होईल. म्हणजे कुराणाने दिलेला हिस्सा रूढीने काढून घेतला आणि इंग्रज न्यायाधीशाने रूढीवर शिक्का मारला. अशा रूढींना हटवायला १९३७ चा शरियत कायदा आला. योगायोग बघा, तोही ऑक्टोबर १९३७, वर्धा परिषदेचाच महिना. पण त्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीचे प्रश्न वगळले आहेत. का? कारण १९३५ च्या कायद्याने शेतजमीन प्रांतांकडे दिली होती, केंद्रीय विधिमंडळाला तिथे हात घालता येत नव्हता. आपल्या समाजातली बहुतेक संपत्ती तेव्हा शेतीतच होती! हे एक कलम समजून घ्यायला राज्यघटनेचा इतिहास, महसूल आणि शेती तिन्ही लागतात.

आणि मग बदलाचा प्रश्न. वडिलांच्या हयातीत मुलगा वारला तर नातवंडांना आजोबांच्या मिळकतीतून काही मिळत नाही, कारण काका हयात असतो. इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी सक्तीच्या मृत्युपत्राची तरतूद केली. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने त्यांना थेट वडिलांच्या जागी बसवलं. केरळमध्ये २०२३ साली एका मुस्लिम वकील-अभिनेत्याने आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं, तीन मुलींना सगळी मिळकत जावी म्हणून. विद्यार्थ्यांनी या तिन्ही वाटा ताडून बघाव्यात. कोणती बरोबर हे शिक्षकाने सांगू नये. ज्याला जी पटेल ती त्याने मांडावी, पण आकडे आणि कलमं समोर ठेवून.

परीक्षा कशी घ्यायची? लेखी पेपर नको. तीन-चार जणांच्या गटाने खऱ्या एका कुटुंबाची वाटणी, नावं बदलून, कागदावर मांडायची. कायद्याने काय मिळायला हवं होतं, काय मिळालं, मधे काय घडलं. आणि एक छोटा प्रोग्रॅमही हवा, कारण संगणकाला सांगायचं तर प्रत्येक गृहीतक उघडं लिहावं लागतं. "बहिणीने आनंदाने सोडलं" असं वाक्य कोडमध्ये लिहिता येत नाही.

याला दोन आक्षेप मला लगेच ऐकू आले. पहिला, की अशाने कुठलाच विषय खोल होत नाही. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. वरवरची खिचडी मीही पाहिली आहे. पण औलचा पेच सोडवताना मला अपूर्णांक जितका खोल कळला तितका शाळेत कळला नव्हता. आणि मी मुख्य विषय काढून टाका म्हणत नाहीये. एकशेसाठ-एकशेसत्तर श्रेयांकांच्या पदवीत दोन मागतोय.

दुसरा आक्षेप कुजबुजत येतो. धर्माचा मामला आहे, कॉलेजात कशाला? उद्या कोणी तक्रार केली तर? मला वाटतं, कॉलेजातच हवा. गल्लीत हा विषय निघाला की दोनच बाजू उरतात. एक म्हणते शरियतला हात लावू नका, दुसरी म्हणते बघा मुसलमान बायकांवर कसा अन्याय करतात. पहिल्या बाजूला हक्कसोड पत्र दिसत नाही, दुसरीला स्वतःच्या घरातलं हक्कसोड पत्र दिसत नाही. ज्या वर्गात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध मुलं शेजारी बसून आपापल्या घरचे फेरफार काढतील, तिथे हे नाटक फार वेळ चालणार नाही. मौलानांनाही त्या वर्गात बोलवावं असं माझं म्हणणं आहे, आणि त्यांना प्रश्नही विचारले जावेत. आमचे मौलाना तयार आहेत. एवढंच म्हणाले, की तलाठी येणार असतील तर मलाही त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

खरा अडथळा मात्र वेगळाच निघाला. आराखडा घेऊन मी एका महाविद्यालयात गेलो. प्राचार्यांनी तो नीट वाचला, दोन ठिकाणी पेन्सिलने दुरुस्त्याही केल्या. मग विचारलं, "हा कोणत्या अभ्यास मंडळाकडे पाठवू? गणिताच्या, समाजशास्त्राच्या की विधीच्या?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे म्हणाले, "दोन शिक्षक एका वर्गात उभे राहणार म्हणता. मग तो तास कार्यभारात कोणाच्या नावावर धरू? निम्मा निम्मा धरायची सोय फॉर्ममध्ये नाही." टिंगल करत नव्हते ते. त्यांच्याकडे निम्म्याहून अधिक शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. सकाळी इथे दोन तास, दुपारी तालुक्याच्या गावी तीन तास. ज्याला तासाचे पैसे मिळतात आणि एसटीच्या वेळेवर निघायचं असतं, तो दुसऱ्या विषयाच्या सहकाऱ्याबरोबर बसून अभ्यासक्रम कधी आखणार? धोरणाच्या कागदावर आंतरविद्याशाखीय हा शब्द अनेकदा येतो. दोन शिक्षकांनी एकत्र बसण्याच्या वेळेचा मोबदला कुठल्या खात्यातून द्यायचा, ते त्या कागदाला विचारायला हवं.

विद्यापीठाला मागण्या करायच्याच असतील तर त्या इतक्या बारीक असाव्यात. सामायिक तासाचा पूर्ण कार्यभार दोन्ही शिक्षकांच्या नावावर धरा. दोन मंडळांना मिळून एक अभ्यासक्रम मंजूर करता येईल अशी तरतूद करा. रिक्त जागा भरा. प्रकल्पाला बाहेरचा परीक्षक म्हणून वकील, तलाठी, पंप दुरुस्त करणारा चालेल असं लिहून द्या. यातली एकही मागणी क्रांतिकारक वाटत नाही, म्हणूनच बहुधा ती कोणी करत नाही.

प्राचार्य म्हणाले, जूनमध्ये पुन्हा या. तोवर आम्ही मोहल्ल्यातल्या वाचनालयात सहा रविवार हा अभ्यासक्रम चालवून बघणार आहोत. अकरा मुलांनी नावं दिली आहेत, त्यात सात मुली. मौलाना येणार, एक वकीलताई येणार, निवृत्त तलाठीसाहेब येणार. फुफीला मी विचारलं, पहिल्या रविवारी तू बोलशील का? तिने विचारलं, तुझे अब्बा असणार का तिथे? मी अब्बांना विचारलं आहे. अजून त्यांनी हो म्हटलेलं नाही.

गणित शिकवणारं कोणी मात्र अजून मिळालेलं नाही. वाचकांपैकी कोणी तयार असेल तर जरूर कळवावं. अपूर्णांक चांगले हवेत.